हलिमाचा काळा, सदफचा काळा

भोरात लग्नपत्रिका छापायची असली की लोक आतारांच्या छापखान्यात शिरत, दारातल्या इरशादभाईंना सलाम-नमस्कार करत आणि सरळ आतल्या टेबलाकडे वळत. तिथं हलिमा बसलेली असे. मशीन नवऱ्याकडे, पण मजकूर हलिमाकडे. कुणाच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' लावायचं राहिलंय, कुणाच्या मामांचं नाव काकांच्या आधी आलं तर मांडवात तोंडं फिरतील, हे तिला सांगावं लागत नसे. हलिमाची मुलं शाळेत होती, घर छापखान्याच्या मागेच होतं, आणि तिचा दिवस टेबल आणि चूल यांच्यामध्ये जाई.

ती शिरवळहून सून म्हणून आली तेव्हा छापखान्यात शिशाचे खिळे होते. सासऱ्यांनी तिला खिळे जुळवायला बसवलं. एकेक काना, एकेक वेलांटी चिमटीत उचलून ओळ भरायची, तीही उलटी. घरातल्या दोघा मुलग्यांना जे जमलं नाही ते या मुलीला सहज जमलं. "हलिमानं बांधलेलं पान पहिल्या दाबाला स्वच्छ उठतं," असं सासरे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. ते गेले, खिळे भंगारात गेले, सत्त्याण्णव साली संगणक आला, तेव्हाही हलिमा मागे राहिली नाही. सकाळच्या एसटीने पुण्याला जाऊन ती क्लास करून आली. इरशादभाईंनी एका रंगाचं ऑफसेट मशीन घेतलं आणि पुढची आठ वर्षं भोर-वेल्ह्यातलं बहुतेक छापील काम या दोघांच्या हातून गेलं. "हलिमाभाबीला विचारा" हे वाक्य बाजारपेठेत रोज कुणी ना कुणी बोलत असे, आणि तिला ते ऐकायला आवडत असे.

दोन हजार पाच साली धाकट्या दिराचं, खालिदचं, लग्न झालं. नवरी सदफ पुण्याची. लग्नाआधी ती छपाईच्या प्लेटा करणाऱ्या एका कारखान्यात संगणकावर काम करत होती. पुस्तकं, डब्यांवरची वेष्टनं, कॅलेंडरं, सगळ्यांच्या फायली छपाईच्या आधी तिच्या डोळ्यांखालून जायच्या. बोलायला मोकळी, हाताला चपळ.

पहिल्या आठवड्यात ती छापखान्यात आली आणि हलिमाच्या मागे उभं राहून बघू लागली. हलिमा माउस फिरवत, यादी उघडत, एकेक आज्ञा शोधत काम करी.

"भाबी, ही दोन बटणं एकदम दाबली की होतं," सदफ म्हणाली आणि वाकून तिनं ते करूनही दाखवलं.

काही वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवशी हलिमाला पहिल्यांदा पाठीमागे कुणी उभं असल्याचा त्रास झाला. रात्री जेवताना इरशादभाई म्हणाले, "सदफला बरंच येतं गं. चांगलं झालं, तुला मदत होईल." हलिमानं मान हलवली. मला मदत लागते असं यांना कधीपासून वाटायला लागलं, हा विचार मात्र तिच्या मनातून जाईना.

त्यानंतर ती बारीकसारीक गोष्टी बघू लागली. गिऱ्हाईक सदफशी किती वेळ बोललं. सदफनं केलेल्या पत्रिकेला कोण काय म्हणालं. इरशादभाईंनी आधी कुणाला हाक मारली. एकदा एक शिक्षक "त्या नव्या ताई आहेत का?" असं विचारत आले, तेव्हा हलिमानं "न्हाईत" म्हणून सांगितलं. सदफ मागच्या खोलीत कागद मोजत होती.

पुढच्या वर्षी कापूरहोळच्या मानसिंग शिळीमकरांनी हायवेला हॉटेल काढलं. उद्घाटनाची पत्रिका त्यांना चार रंगांत हवी होती. भोरचं मशीन एका रंगाचं, म्हणून छपाई पुण्यात करून घ्यायची ठरली. पत्रिका हलिमानं स्वतः मांडली. हॉटेलचा फोटो, कमान, खाली काळ्या अक्षरांत मजकूर. पीडीएफ काढली, सीडी पुण्याला गेली, गठ्ठा परत आला.

मानसिंगनं एक पत्रिका उघडली, लांब धरली, जवळ धरली.

"भाबी, फोटू झ्याक आलाय. पर अक्षरं अशी का दिसत्यात? म्या चष्मा इसरल्यावानी वाटतंय."

हलिमानं भिंग लावून बघितलं. प्रत्येक काळ्या अक्षराच्या एका कडेला लालसर रेघ होती, दुसऱ्या कडेला निळसर. जणू तेच अक्षर कुणी दोन-तीनदा लिहिलं होतं आणि ते एकमेकांवर बसलं नव्हतं.

"पुन्याचं मशीन हललं असंल," ती म्हणाली.

सदफनं तिच्या खांद्यावरून बघितलं. "मशीन थोडं हलतंच भाबी. पण काळा चारी रंगांत गेलाय. अक्षरं नुसत्या काळ्या शाईत ठेवायला पाहिजे होती, म्हणजे मशीन हललं तरी कळलं नसतं."

मानसिंगनं हलिमाकडे बघितलं. इरशादभाईंनीही मशीन थांबवून बघितलं.

"तुला कुनी इचारलं?" हलिमा म्हणाली. "माझ्या फायलीला हात लावायचा न्हाई आन् माझ्या कामात बोलायचं न्हाई."

सदफ मागच्या खोलीत निघून गेली. मानसिंग पत्रिका घेऊन गेला, कुरकुर न करता गेला, आणि त्याचंच हलिमाला जास्त लागलं.

तिचं खरं दुखणं असं होतं की सदफ काय म्हणाली ते तिला कळलंच नव्हतं. आजवर तिचं सगळं काम एका रंगाचं. एकच प्लेट, एकच शाई. पडद्यावरचा काळा कसाही असला तरी कागदावर तो त्या एकाच काळ्या शाईतून यायचा. चार रंगांच्या कामात तसं नसतं. तिथं निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा एकामागून एक त्याच कागदावर उमटतात. संगणकाला नीट सांगितलं नाही तर पीडीएफ काढताना तो पडद्यावरचा काळा या चारही शायांत वाटून टाकतो. मग बारीक अक्षर चार वेळा छापलं जातं आणि केसभर सरकलं की त्याच्या कडा रंगीत दिसतात. हे तिला दोन मिनिटांत कुणी सांगितलं असतं. सांगणारी तिच्या घरातच होती. पण विचारायचं म्हणजे त्या दिवशी मानसिंगसमोर सदफ बरोबर होती असं कबूल करायचं. हलिमानं विचारलं नाही. काळा कमी पडतो म्हणून कडा दिसतात, असा तिनं आपल्यापुरता अर्थ लावला.

त्यानंतर मोठं काम आलं. वेल्ह्यातल्या पासलीच्या बाजूच्या एका शाळेला पन्नास वर्षं होत होती. तिथले कुंडलिक गुरुजी स्मरणिकेचे लेख आणि फोटोंची पिशवी घेऊन भोरला आले. गावानं श्रमदान करून ती शाळा बांधली होती. दगड वाहणाऱ्या, माती कालवणाऱ्या ज्या ज्या माणसांची नावं आठवली ती सगळी गुरुजींना छापायची होती, जी हयात होती त्यांच्या फोटोंसकट.

"खर्चाचं बगू आमी, पर काम तुमीच करायचं," गुरुजी हलिमाला म्हणाले. "दुसऱ्या कुनाच्या हातात देऊ नका."

हे वाक्य त्यांनी सदफच्या देखत उच्चारलं, आणि कित्येक महिन्यांत हलिमाला एवढं बरं वाटलं नव्हतं. ती स्वतः जीपने पासलीला जाऊन आली. घरोघरी बसून तिनं नावं तपासली. भाताची लावणी चालू होती, तर बांधावर उभं राहून बायकांना विचारलं. शेवटी पानं जुळली, फोटो बसले. मग तिनं आपल्या समजुतीप्रमाणे काळ्याचा बंदोबस्त केला. अक्षरं निवडली आणि चारही रंगांचे आकडे शंभरावर नेऊन ठेवले. यापेक्षा जास्त काळं काही असूच शकत नाही, याची तिला खात्री होती. पीडीएफ काढली, सीडी खालिदच्या हातात दिली. "उद्या पुन्याला जाशील तवा देऊन ये," म्हणाली आणि स्वयंपाकाला गेली.

काही दिवसांनी पहिले छापील ताव बघायला ती पुण्याच्या प्रेसमध्ये गेली. ताव मशीनवरून उतरत होते. तिनं भिंग लावलं. अक्षरं काळीभोर, कडा सुईने कोरल्यासारख्या, कुठं लाल नाही, कुठं निळं नाही. फोटोंतल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या उठल्या होत्या. हलिमाचा ऊर भरून आला. माझंच बरोबर होतं, असं तिला वाटलं.

प्लेटा काढणारा ज्ञानू नावाचा माणूस तिथं होता. तो हसत म्हणाला, "ताई, बरं झालं तुमच्या जाऊबाईंनी दुसरी सीडी पाठवली. पहिली छापली असती तर कागदाचं पिठलं झालं असतं."

"कुठली दुसरी?"

त्याला वाटलं तिला माहीत आहे. त्यानं दोन्ही फायली पडद्यावर उघडल्या. आधी हलिमाची. त्यातली काळी प्लेट त्यानं बंद केली, म्हणजे काळ्या शाईशिवाय पान दाखवलं, तरी सगळी अक्षरं पानावर राहिलीच, मातकट, जाडसर. मग गुलाबी बंद केली, तरी राहिली. "चार प्लेटांवर चार वेळा तोच लेख. एवढी शाई एका जागी वाळतच नाही. पान पानाला चिकटतं," ज्ञानू म्हणाला. मग त्यानं दुसरी फाईल आणली आणि काळी प्लेट बंद केली. पानावरची सगळी अक्षरं एका झटक्यात गेली. उरले फक्त फोटो. "हे बघा. अक्षरं नुसत्या काळ्यात, आणि फोटो आमच्या मशीनच्या, आमच्या कागदाच्या कलर प्रोफाइलप्रमाणे, म्हणजे कुठली शाई किती लागते त्या मापानं, बदललेले. दोन्ही वेगवेगळं सांभाळलंय. पक्का हात आहे त्यांचा."

हलिमाच्या कानशिलांत आग उठली. ती "हो" म्हणाली, चहा नको म्हणाली आणि स्वारगेटला येऊन भोरच्या एसटीत बसली. काम वाचलं याचा आनंद तिला मुळीच झाला नाही. वाटेत नसरापूर, कापूरहोळ येऊन गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. आपलं काम बिघडलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा तिच्या मनात आलं. निदान ते आपलं तरी असतं.

घरी येऊन ती सरळ स्वयंपाकाला लागली, दुसऱ्या सीडीचा विषय तिनं काढला नाही.

शाळेचा कार्यक्रम हिवाळ्यात, सकाळी उन्हात झाला. आतारांचं सगळं घर जीप करून गेलं होतं. स्मरणिकेचं प्रकाशन झाल्यावर गुरुजींनी हलिमाला वर बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. "या ताईंनी आमच्या खोऱ्यातल्या माणसांना अक्षरात आणलं," असं गुरुजी बोलले. समोर तिसऱ्या रांगेत सदफ बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. हलिमा तिचा चेहरा निरखत राहिली. राग, कुत्सितपणा, काहीतरी सापडेल म्हणून बघत राहिली. काही सापडलं नाही. हिला वाईटसुद्धा वाटत नाही, म्हणजे हिच्यापाशी किती जास्त असेल, या विचारानं ती आणखीच जळली.

ती खाली उतरली तेव्हा फुलाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत आली. शाळा बांधताना ती लग्न होऊन नुकतीच आलेली होती आणि तिनं नदीतून दगड वाहिले होते. तिला वाचता येत नव्हतं. तिनं स्मरणिका उघडी धरली होती.

"माजं नाव कुठं हाय?"

हलिमानं तिचं बोट धरून नावावर ठेवलं. म्हातारी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, जसं काही त्यांना उंचवटा होता.

"लई निर्मळ हाय गं. तू काडलंस ह्ये?"

"व्हय," हलिमा म्हणाली.

परतीच्या वाटेवर वेल्ह्याला जीप थांबली. पुरुष माणसं चहाला उतरली. दोघी जावा मागच्या बाकावर राहिल्या. हलिमाच्या मांडीवर शाल होती.

"फायलीला हात लावू नको म्हनले होते मी तुला," हलिमा एकदम म्हणाली.

"मग काय करायला पाहिजे होतं भाबी? खराब होऊ द्यायचं होतं?"

"व्हय. होऊ द्यायचं होतं. माझं मी बघितलं असतं."

"त्या माणसांची नावं होती त्यात."

"ती नावं म्या गोळा केली! बांधाबांधानं हिंडून! तू बसल्या जागी दोन बटणं दाबलीस."

सदफचा आवाज पहिल्यांदा चढला. "हो, दोनच बटणं दाबली. आणि दोन वर्षं झाली मला भोरला येऊन, तरी मला नावानं कोण ओळखतं? 'हलिमाभाबीची जाऊ.' शाल मला नको होती. पण म्हातारीनं विचारलं तेव्हा मी तुमच्या मागंच उभी होते. तुम्ही 'व्हय' म्हणालात ते मी ऐकलं."

खालिद चहाचे दोन पेले घेऊन आला. सदफनं घेतला, हलिमानं घेतला नाही.

त्याच वर्षी खालिद आणि सदफनं कापूरहोळला हायवेला एक गाळा घेतला. कारण असं सांगितलं की तिथं फलकांचं, हॉटेलांचं काम भरपूर आहे. इरशादभाईंना भाऊ वेगळा झाल्याचं फार लागलं. हलिमाला मात्र पहिले काही दिवस मोकळं वाटलं. मग एक रंगीत काम आलं, आणि पीडीएफ काढायच्या जागी येऊन तिचा हात थबकला. तिनं ते काम परत पाठवलं. पुढचंही परत पाठवलं. "आमच्याकडं रंगीत होत न्हाई," ती गिऱ्हाइकांना सांगू लागली. ती गिऱ्हाइकं कुठं जातात हे तिला माहीत होतं.

शेवटी इरशादभाई म्हणाले, "तुला इचारायला जड जात असंल तर मी सदफला फोन करतो."

"तुमी करू नका," हलिमा म्हणाली. "मीच जाते."

कापूरहोळच्या गाळ्यात ती शिरली तेव्हा सदफ तीन माणसांशी एकदम बोलत होती. सगळे तिला "सदफताई" म्हणत होते. भिंतीवर तिच्या कामाचे नमुने लावले होते. पानशेतच्या एका हॉटेलचं पत्रक होतं, गडद पाण्याचा फोटो, वर बारीक काळी अक्षरं. हलिमानं जवळ जाऊन बघितलं. एकही खोट सापडली नाही. तिला परत फिरावंसं वाटलं. मग माणसं गेली आणि दोघीच राहिल्या.

"शिकव," हलिमा म्हणाली. बसा, कशा आहात, काही व्हायच्या आधीच म्हणाली.

सदफनं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. अक्षरांसाठी कुठला काळा निवडायचा, म्हणजे काळी शाई शंभर आणि बाकीच्या तिन्ही शून्य. पीडीएफ काढताना फोटोंना छापखान्याचं प्रोफाइल कसं लावायचं आणि अक्षरांचा काळा मात्र न बदलता जाऊ द्यायचा. आणि सगळं झाल्यावर काळी प्लेट बंद करून बघायचं, अक्षरं गेली की काम बरोबर. सदफनं माउसला हात लावला नाही. सगळं हलिमाकडून करून घेतलं. मागवलेला चहा गार व्हायच्या आत ते संपलं.

"येवढंच?" हलिमा म्हणाली.

"एवढंच."

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं. मानसिंगभाऊंच्या समोर."

"गिऱ्हाइकासमोर सांगायला नको होतं."

"नको होतं," सदफ म्हणाली. "मला दाखवायचं होतं की मला येतं."

हलिमानं चहा उचलला. बाहेरून ट्रक जात होते आणि काचा थरथरत होत्या. "फुलाबाईला मी व्हय म्हनले," ती म्हणाली, "ते मलाबी ऐकू आलं होतं."

एसटी यायची वेळ झाली तशी हलिमा उठली. सदफ रस्त्यापर्यंत आली.

त्यानंतर हलिमानं पुष्कळ रंगीत कामं केली. काळी प्लेट बंद करून अक्षरं गायब झालेली बघितल्याशिवाय ती कुठलीही फाईल पाठवत नसे. पुण्याच्या ज्ञानूनं एकदा फोनवर विचारलं, "जाऊबाईंनी केली का?" तर ती म्हणाली, "मी केली. शिकवलं तिनं." पहिला शब्द तिनं जरा जोरात म्हटला.

एकदा शाळेच्या प्रमाणपत्रांचं काम पोचवायला ती पासलीला गेली तेव्हा मुद्दाम फुलाबाईच्या घरी थांबली. म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत होती. हलिमानं तिला समजावून सांगितलं की ती अक्षरं एवढी निर्मळ आली ती माझ्यामुळं नाही, माझ्या जावेमुळं. तुमी इचारलं तवा मी खोटं बोलले.

फुलाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"कुनी का काडलं असंना," ती म्हणाली. "नाव माजंच हाय न्हवं?"

हलिमानं हे कापूरहोळला फोन करून सदफला सांगितलं. दोघी हसल्या. एवढ्या मोकळेपणी त्या पूर्वी कधी हसल्या नव्हत्या. ईदला सदफ भोरला येऊ लागली, हलिमा तिच्या बाळंतपणात कापूरहोळला राहून आली.

पण जळणं गेलं असं नाही. दोन हजार नऊ साली शाळेनं माजी विद्यार्थ्यांची पुस्तिका काढायची ठरवली आणि ते काम कापूरहोळला दिलं. वेल्ह्याच्या माणसांना ते वाटेवर पडतं. कुंडलिक गुरुजी स्वतः भोरला येऊन हे सांगून गेले.

"द्या की," हलिमा म्हणाली. "चांगलं करती ती."

गुरुजी गेले. मग दोन दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नाही.